पदकाच्या कडेवरचा नंबर

मामा,

तिरडी उचलायच्या आधी गफूर सुभेदारांनी खिशातून चष्मा काढला, तुमचं डिस्चार्ज बुक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले, तेव्हा मी आत्यांना धरून दारात उभी होते. अंगणात तुमचे सगळे माजी सैनिक टोप्या घालून, छातीवर पदकं लावून रांगेत उभे. सुभेदारांनी तुमचा नंबर वाचला, हुद्दा वाचला. हवालदार ज्ञानोबा, पायदळ. दीर्घ सेवेची दोन पदकं. एवढं वाचून त्यांनी पुस्तक मिटलं आणि चष्मा काढला.

मला राहवलं नाही. ‘‘काका, तिसरं?’’ मी ओरडलेच. ‘‘जखमेचं पदक?’’

सगळं गाव माझ्याकडं वळलं. सासऱ्याचं मढं अंगणात, सासू कशीबशी दारात उभी आणि सून हुज्जत घालतेय! सुभेदार खाली बघत म्हणाले, ‘‘पुस्तकात न्हाई, बेटा. अन् पुस्तकात न्हाई ते वाचायचं न्हाई, हा कायदा ज्ञानोबाचाच हाय. त्याच्याच मयतीला मी मोडू का?’’

मग त्यांनी सॅल्यूट केला आणि तुम्हाला नेलं. बायका माझी समजूत काढत होत्या, त्यांना वाटत होतं मी दुःखानं थरथरतेय. मी संतापानं थरथरत होते, मामा. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण तुमच्यावर रागवायचं नाही तर कुणावर? तुम्हीच कायदा केला आणि तुम्हीच त्यात सापडलात. त्यातून बाहेर काढायला मी जीव टाकत होते, तर माझेही हात तुम्हीच बांधून ठेवले.

तो कायदा तुम्ही कधी केला ते मला चांगलं आठवतं. शेजारच्या तालुक्यातला एक गडी सव्वीस जानेवारीला छाती भरून पदकं लावून पहिल्या रांगेत बसला होता. नंतर कळलं की पदकं बाजारातनं विकत आणलेली होती. तुमचं डोकं फिरलं. केजला माजी सैनिकांची बैठक बोलावली आणि ठराव केला की कुणाच्याही मयतीला, सत्काराला, फक्त डिस्चार्ज बुकात लिहिलेलंच वाचायचं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, ‘‘मग हवालदार, आधी तुमचं पुस्तक दाखवा की.’’ तुम्ही पिशवीतनं काढून दाखवलं. तिसऱ्या पदकाची नोंद त्यात नव्हती, आणि ते तुम्हाला नोकरी सुटली त्या दिवसापासून ठाऊक होतं. मागाहून होईल, साहेब म्हणालेत तर होईल, असं म्हणत तुम्ही सगळी वर्षं घालवली होती. भर बैठकीत तुम्ही छातीवरचं जखमेचं पदक स्वतःच्या हातानं काढलं आणि खिशात टाकलं. कुणी काढा म्हटलं नव्हतं. गफूर सुभेदार तर उठून उभे राहिले, ‘‘ह्याची तंगडी मी बघितलीया,’’ म्हणाले. तुम्ही त्यांना खाली बसवलं.

घरी आल्यावर मी विचारलं होतं, ‘‘मामा, पुस्तकात नाही म्हणून तुमचा पाय आपोआप लंगडा झाला का?’’

‘‘आर्मीत लिहिल्याबिगर काई घडत न्हाई, सूनबाई.’’

‘‘मग गोळा फुटला तो न लिहिताच फुटला की.’’

तुम्ही हसलात. माझ्या उलट उत्तरांना हसणारे या घरात तुम्ही एकटे होता. तुमचे चिरंजीव परळीहून आठवड्याला येतात, गरीब माणूस, आमच्या भांडणात कधी पडले नाहीत. मी नवी नवी सून होऊन आले तेव्हा भावकीतल्या कुणीतरी ‘‘सून लई बोलती’’ म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘‘बोलू द्या, वायरलेसवर असंच मानूस लागतंय.’’ तहसीलसमोर मी ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलं तेव्हा बाईनं बाजारात बसायचं का यावर घरोघर चर्चा झाली. तुम्ही काही बोलला नाहीत, रोज सकाळी माझ्याबरोबर जीपनं केजला आलात आणि दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलात. महिनाभर बसलात. नंतर कुणाची बोलायची टाप झाली नाही. ते तुमच्यासमोर कधी बोलून दाखवलं नाही, आता दाखवते. त्या पायरीमुळं मी उभी राहिले.

आणि म्हणूनच मला ती नोंद करून घ्यायची होती. मी जगाचे फॉर्म भरते. कुणाचा सातबारा, कुणाचा जातीचा दाखला, कुणाचं आधार. लोक म्हणतात ह्या बाईच्या हाताला यश आहे. आणि माझ्या घरातल्या माणसाच्या नावापुढं एक ओळ लिहून आणता येत नव्हती.

आपण काय काय केलं! लष्कराच्या दूरच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज धाडला. उत्तर आलं, तुमच्या पलटणीनं नोंदीचा आदेश काढलेला दिसत नाही. कसा दिसेल? तुम्ही जखमी झालात तेव्हा पलटण डोंगरावरून खाली उतरायची तयारी करत होती, तुम्ही दवाखान्यात, लिहिणारा कारकून सुट्टीवर. पदक मात्र मागाहून साहेबांनी परेडवर स्वतः लावलं. म्हणजे पदक दिलं आणि लिहायचं राहिलं. आपण दवाखान्याला लिहिलं. उत्तर आलं, इतके जुने कागद ठेवत नाहीत, नियमाप्रमाणे नष्ट केलेत. बीडच्या सैनिक कल्याण ऑफिसातल्या साहेबांना भेटलो, भला माणूस, चहा पाजला, वर पत्र लिहिलं. त्यालाही तेच उत्तर. प्रत्येक ठिकाणी नम्र भाषा, ‘सखेद कळविण्यात येते’. खेद कुणाला झाला होता ते मला एकदा बघायचं होतं.

गफूर सुभेदारांची साक्ष चालेल का, विचारलं. नाही, ते त्या वेळी दुसऱ्या पलटणीत होते. तुमच्या बरोबरचे जे दोघे चौकीवर होते त्यातले एक वारले, दुसऱ्याचा पत्ता लागला नाही. तुम्ही मात्र प्रत्येक उत्तर नीट घडी घालून ठेवायचात आणि म्हणायचात, ‘‘त्यांचं बी बरोबर हाय. कशावरून मानावं त्यांनी?’’ मला फाडून फेकावंसं वाटायचं. तुम्ही त्यांच्याच बाजूनं बोलायचात.

आणि मग रेकॉर्ड ऑफिसचं ते पत्र आलं. पदक जर मूळ असेल तर त्याच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, त्याचे जवळून काढलेले फोटो पाठवा, विचार करता येईल. मी दुकान बंद करून धावत घरी आले. आठवतं? तुम्ही एवढ्या वेगानं लंगडत ट्रंकेकडं गेलात की मला भीती वाटली. ‘‘असतंय की, कडेवर असतंय,’’ म्हणत होता. ‘‘आमच्या समद्यांच्या पदकावर असतंय. माझ्या ध्यानातच न्हाई आलं.’’

मी मोबाइलची बॅटरी लावली. कड गुळगुळीत होती. तुम्ही चष्मा लावून बोटांत फिरवत राहिलात, एक फेरा, दुसरा फेरा. एका जागी सहासारखं काहीतरी दिसल्यासारखं वाटलं, तेही पुसटच. मग आपण दोघांनी एकाच वेळी बाहेर बघितलं. आत्या ओट्यावर बसून घंगाळ घासत होत्या.

दर खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड-पितळ बाहेर काढायची आपली रीत. विळे, कुदळी, पहार, ट्रॅक्टरचे पाने. सगळं धुऊन-घासून पाटावर मांडायचं आणि पूजा करायची. सैनिकाच्या घरात पदकं म्हणजे हत्यारंच, म्हणून पहिलं पदक घरात आलं त्या वर्षीच आत्यांनी ते पाटावर घेतलं. आणि आत्यांचं घासणं म्हणजे काय ते या गावाला ठाऊक आहे. चिंच आणि राख. चुलीची राख भरड पडते म्हणून चिरंजीव परळीहून थर्मल वीजकेंद्राची पिठासारखी बारीक राख पिशवी भरून आणायचे. दर वर्षी आत्या पाटापाशी बसून, पदर खोचून, तुमची पदकं चारी अंगानं घासायच्या. कड तर जास्तच, कडेला मळ साचतो म्हणून. किती माया होती त्या घासण्यात! त्या मायेनं तुमचा नंबर खाऊन टाकला होता.

मला आधी हसू आलं आणि मग रडू. तुम्ही ना हसलात ना रडलात. पदक पुन्हा रुमालात गुंडाळलं आणि म्हणालात, ‘‘तिला सांगायचं न्हाई.’’

‘‘मामा, पण शपथपत्र देता येतं. घासल्यामुळं अक्षरं गेली असं लिहू. बाकीच्या दोन्ही पदकांच्याही कडा गेल्यात, ती तर पुस्तकात आहेत. म्हणजे खरं वाटेल त्यांना.’’

‘‘कुनी घासलं ते लिहावं लागंल.’’

‘‘लिहू की.’’

‘‘तिचं नाव असल्या कागदावर येनार न्हाई. तिला कळलं तर ती अन्न सोडंल. सरसोतीला मी वळखतो.’’

‘‘मग नुसतं ‘वापरानं झिजलं’ लिहू.’’

‘‘शपथेवर खोटं?’’ तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की जणू मीच बाजारातनं पदकं विकत आणली होती. ‘‘कावून लिहायचं खोटं? एका पदकापायी?’’

तिथं आपलं भांडण सुरू झालं ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही. खरं लिहायचं नाही आणि खोटं लिहायचं नाही. मग काय कोरा कागद पाठवायचा? मी तुम्हाला किती परींनी सांगितलं. जीपमध्ये सांगितलं, दुकानात सांगितलं, शेवटी दवाखान्यात खाटेशी बसून सांगितलं. तुमचं एकच, ‘‘सांगशील तर माझी शपथ हाय.’’ माणसानं किती हटवादी असावं, मामा? शत्रूनं गोळा टाकला तेव्हाही तुम्ही चौकी सोडली नाही म्हणतात. आम्ही तर तुमचीच माणसं होतो.

आणि गेल्या खंडेनवमीला तर तुम्ही कहर केलात. आत्यांनी ओट्यावरून हाक मारली, ‘‘द्या तुमची पदकं इकडं.’’ मी स्वयंपाकघरातून बघत होते. मला वाटलं, निदान या वर्षी काहीतरी कारण सांगतील, किल्ली सापडत नाही म्हणतील. तुम्ही ट्रंक उघडली, तिन्ही पदकं काढली आणि त्यांच्या हातात दिलीत. ते जे सहासारखं उरलं होतं, तेही. समोर खुर्ची टाकून बसलात आणि आत्या घासत असताना वरून पाणी घालत राहिलात. ‘‘अजून चकाकू द्या,’’ म्हणालात. माझ्या हातातली पळी खाली आपटली मी. आत्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं भाजलं.

त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. का नाही बोलले ते तुम्हाला कळलं होतं. संध्याकाळी माझ्यासाठी भेळ घेऊन आलात, पुडी ओट्यावर ठेवलीत आणि गेलात. भेळ मी खाल्ली. राग तसाच ठेवला.

तुमचं तेरावं झाल्यावर मी रेकॉर्ड ऑफिसला फोन लावला. तिकडच्या बाबूनं सांगितलं, अर्जदार वारला असेल तर अर्ज आपोआप निकाली निघतो. सगळं आपोआप! आता पत्नीनं नव्यानं अर्ज करायचा, पदकावरचा नंबर का नाही याचं शपथपत्र जोडायचं, ते पत्नीच्याच नावानं आणि पत्नीनं स्वतः हजर राहून. म्हणजे ज्या एका माणसापासून तुम्ही ते झाकलंत, त्याच माणसाच्या तोंडून ते वदवायचं. नाहीतर तुमच्या नावापुढची ती ओळ कायमची राहिली.

मी दोन रात्री झोपले नाही असं काही सांगणार नाही. झोपले. पण उठल्या उठल्या चिडचिड. तुमची शपथ मोडावी तर तुमच्याशी बेइमानी, पाळावी तर तुमच्याच जखमेशी. शेवटी ठरवलं की शपथ जिवंत माणसानं घातली होती, आता तो नाही, आणि आत्या आहेत. त्यांना काय पेलवतं ते त्यांनी ठरवावं. तुम्ही का ठरवावं?

दुपारी आत्या ओसरीत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. कडेवर काय असतं, ते कसं गेलं, ते का लागतं. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी सोडवून घेतला.

‘‘ह्यांना ठावं हुतं?’’

‘‘होतं.’’

‘‘कवापासून?’’

‘‘गेल्या खंडेनवमीच्या आधीपासून.’’

त्यांना हिशोब लागायला वेळ लागला नाही. ‘‘अन् तरी मी मागितली तवा दिली मला? अन् पानी घालीत बसले?’’

मी मान हलवली. मला वाटलं आता तुम्ही म्हणालात तसं होणार, अन्न सोडणार. आत्या रडल्या खऱ्या, पण रडता रडता जी शिवी घातली ती मी इथं लिहीत नाही. मग म्हणाल्या, ‘‘येडं मानूस! मला मेनाची समजत हुतं का? मी ह्यांच्या मागं येकटीनं शेत केलं, पोर वाढवलं, सासू-सासरे पोचवले. अन् घासलं म्हून सांगाया मी लाजले असते? त्याच दिवशी चप्पल घालून बीडला आले असते मी. ह्यांच्या डोळ्यादेखत झालं असतं काम.’’

हे तुम्हाला ऐकवायला हवं होतं, मामा. तुमच्या डोळ्यांदेखत झालं असतं. तुम्ही जिला माया समजत होता ती तुमच्याच कामाला आडवी आली आणि आत्यांना ते तुमच्या माघारी कळलं. मी तुमच्यावर चिडले होते त्याच्या दुप्पट त्या चिडल्या. दोन दिवस तुमच्या फोटोला हार घालायचं काम मीच करत होते, त्या तिकडं फिरकल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘‘कवा जायाचं केजला?’’ भावकीतल्या बायकांनी अडवलं. महिना झाल्याबिगर बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो, लोक काय म्हणतील. आत्या म्हणाल्या, ‘‘लोकास्नी म्हनावं, नवऱ्याच्या कामाला चाल्ले,’’ आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

शपथपत्र मी दुकानातच टाइप केलं. आत्यांना वाचून दाखवलं. ‘पदकं दर वर्षी खंडेनवमीला चिंच आणि राखेनं मी स्वतः घासत आले, त्यामुळे तिन्ही पदकांच्या कडेवरची अक्षरं झिजली.’ त्या म्हणाल्या, ‘‘बरोबर.’’ मग समोर तहसीलमध्ये नायब तहसीलदारांपुढं गेलो. तरुण पोरगा होता, कागद वाचून त्यानं वर बघितलं. त्याला गंमत वाटली असावी, पण हसला नाही.

‘‘आजी, घासल्याचं ठीक. पण ते युद्धात जखमी झाले होते हे तुम्ही कशावरून सांगता?’’

मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या बोलल्या. ‘‘कशावरून म्हंजे? सुट्टीवर आल्ते तवा मांडी उघडीच हुती की. दवाखान्यातनं अर्धीच भरून सोडलेलं. रोज कडुलिंबाचं पानी करून धुवायची मी, पट्टी बदलायची. आत बोट जाईल असलं भोक. पयल्या दिशी मला बघवलं न्हाई, बाहीर जाऊन वकले. दुसऱ्या दिशी बघितलं. सुट्टी संपली तवर खपली धरली.’’

तो पोरगा मला म्हणाला, ‘‘ताई, हे का नाही लिहिलं? हे पण लिहून आणा.’’

कारण आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, मामा. आणि आपणही आत्यांना विचारलं नव्हतं. मी आणि तुम्ही पलटणीला विचारलं, दवाखान्याला विचारलं, वारलेल्या माणसांचे पत्ते शोधले. जिनं रोज ती पट्टी बदलली तिला तुम्ही ओट्यावर बसवून ठेवलंत, आणि तुमचं ऐकून मीही.

परत दुकानात आले, नवा परिच्छेद टाइप केला. ‘सदर जखम मी स्वतः पाहिली आहे’ असं लिहून वाचून दाखवलं. आत्यांनी पेन हातात घेतलं आणि थांबल्या.

‘‘पाह्यली न्हाई नुसती. भरून आनली. तसं लिही.’’

‘‘आत्या, कागदाची भाषा असते एक. ‘पाहिली’ पुरतं त्यांना.’’

‘‘त्यांना पुरत असंल,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘मला पुरत न्हाई. तसं लिही, मंग सही करते.’’

ओळ मंजूर होईल की नाही मला माहीत नाही. उद्या ‘सखेद कळविण्यात येते’ आलं तर मी पुन्हा लिहीन. तुमची शपथ मोडल्याबद्दल मी माफी मागणार नाही. आत्यांनी सांगितलं तसंच टाइप केलंय. ‘जखम मी भरून आणली आहे.’ खाली सरस्वती ज्ञानोबा, वाकड्या अक्षरात, पण अख्खं नाव. कागद आज गेला, मामा.